भाजकी माती

धानाच्या बांधीत चिखल पोटरीपर्यंत होता. रोपांची जुडी डाव्या हातात धरून रुचिता मागं मागं सरत होती. चार काड्या उचलायच्या, अंगठ्यानं चिखलात खुपसायच्या, एक पाय मागं घ्यायचा. पाय निघताना चिखल त्याला धरून ठेवी आणि सोडताना चुबूक वाजे. शेजारच्या ओळीत सासू कांताबाई तिच्याहून तीन हात पुढं निघून गेली होती.

"कंबर धरली का तुही? वयानं मी मोठी का तू?"

"येऊन राहिली ना, आत्याबाई."

रुचिता सरळ उभी राहिली तर डोळ्यांपुढं काळं आलं. तिनं बांधाला हात टेकला. बांधापलीकडून नव्या रायपूरचा रुंद रस्ता जात होता, त्यावरून एखादी गाडी सुळकन निघून जाई आणि मग बराच वेळ काहीच नसे. तिनं पायाची बोटं गवतावर घासली. बोटांच्या बेचकीत खाज होती. मागच्या पावसाळ्यातही अशीच होती.

मागच्या आषाढापासून तिच्या पायात वहाण नव्हती. शहरातल्या मराठी मंदिरात देवशयनीचं कीर्तन ऐकता ऐकता कांताबाईनं हात जोडले होते, की सुनेची कूस उजवेपर्यंत सुनेच्या पायात चप्पल पडणार नाही. घरी येऊन तिनं तसं सांगितलं. रुचितानं त्याच संध्याकाळी चपला धुऊन आढ्यावर ठेवून दिल्या. लग्नाला सहावं वर्ष होतं. कोणी वाईट बोलत नव्हतं, पण पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बारसं असलं की हळदकुंकवाची वाटी तिच्यापाशी येता येता दुसरीकडं वळायची. ती वाटी आपल्यापाशी थांबावी, एवढंच तिला हवं होतं. त्यापुढं पायात काटा मोडला तर काय मोठं.

कांताबाईचे यजमान नरहरी रेल्वेत गँगमन होते. तुमसरहून आले, रायपूरचेच झाले, रिटायर झाल्यावर शहराबाहेर या दोन बांध्या आणि एक बाडी घेऊन बसले आणि दोन वर्षांत गेलेही. मुलगा सुशील उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. बांध्या, बाडीतली वांगी आणि लालभाजी दोघी बायकांच्या हातावर. घराला सरकारी संडास होता, त्यात गोवऱ्या भरलेल्या. बायका नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाला जात, अनवाणी रुचिताही जाई.

रोवणी आटपायच्या आत तिला ताप भरला. आधी हुडहुडी. कांताबाईनं वाकळ टाकली, त्यावर गोधडी, तरी खाट खडखडत राहिली. मग अंग तव्यासारखं, मग घामानं उशी ओली. एक दिवसाआड तसंच.

मितानिन फुलेश्वरी पाऱ्यातलीच. गावच्या औषधपाण्याचं तिच्याकडं होतं. तिनं बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला, पट्टीकडं बघत बसली.

"मलेरिया हे, दाई."

मोठ्या गोळ्या तीन दिवस, मग बारीक गोळ्या दोन आठवडे. "खाना खाके, समझे ना बहू? खाली पेट नइ खाना."

रुचितानं मान हलवली. पण सोमवार होता, उपास होता. तिनं गोळी पाण्याबरोबर घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यात पोट पिळून पिळून ओकली. दुसऱ्या दिवशी थोडा भात खाऊन घेतली, तरी मळमळलंच. ताप मात्र गेला. बारीक गोळ्या सुरू झाल्या आणि रोज सकाळी तिला कोरडे उमाळे येऊ लागले.

ताप गेला पण ताकद येईना. घागर उचलली की छातीत धडधड. चूल फुंकताना दम लागे. जीभ पांढरी. आणि एक वेगळीच गोष्ट होऊ लागली, जी ती कोणाला सांगत नव्हती. सारवलेल्या ओसरीवर पाणी शिंपडलं की तिच्या तोंडाला पाणी सुटे. तांदूळ निवडता निवडता मूठभर कच्चेच खाई. एकदा न्हाणीच्या भिंतीचा पोपडा तिनं नखानं काढला, जिभेवर ठेवला, आणि डोळे मिटून उभी राहिली. असं गोड तिला बऱ्याच दिवसांत काही लागलं नव्हतं.

कांताबाईनं ते मागून पाहिलं.

"काय खाऊन राहिली?"

रुचिता दचकली. ओठांना माती लागलेली. "काही नाही."

"पोरी, खरं सांग." कांताबाई जवळ आली. आवाज एकदम खाली आला, देवघरात बोलावा तसा. "दिवस कधीचे चुकले?"

रुचितानं जमिनीकडं पाहिलं. मागची पाळी आली नव्हती. त्याआधीचीही जेमतेम दोन डाग. ते तिनं अशक्तपणावर टाकलं होतं. आता सासूच्या तोंडाकडं पाहून तिच्याही पोटात काहीतरी हललं, खरं हललं असं तिला वाटलं.

"चुकले," ती म्हणाली.

कांताबाई मटकन खाली बसली. डोळ्याला पदर लावला. मग उठून भिंतीच्या त्याच जागेवर, जिथं पोपडा निघाला होता, तिनं हात फिरवला.

"सुशीलच्या वेळेस मीबी हेच केलं. चुलीची माती खरवडून खाल्ली. सासू म्हणे, घर पाडते का हे बाई!" आणि ती हसली. इतक्या वर्षांत सून-सासू पहिल्यांदा एका गोष्टीवर हसल्या.

दोन दिवसांनी फुलेश्वरी उरलेल्या गोळ्या पाहायला आली. रुचिताला भिंतीला टेकून बसलेली पाहून तिनं कांताबाईला बाजूला घेतलं. "दाई, बहू पेट से हे का?"

कांताबाईनं आधी इकडंतिकडं पाहिलं. तिसरा महिना लागेपर्यंत बोलायचं नसतं. पण तिच्यानं राहवलं नाही. "हव," ती म्हणाली.

"त ये गोली बंद. पेट वाली ल नइ देना हे." फुलेश्वरीनं बारीक गोळ्यांचं पाकीट परत घेतलं. पोटातल्या जंतांची गोळी वाटपाची म्हणून आणली होती, तीही पिशवीतच ठेवली. "कल चलके जाँच करवा लेबो?"

"जाँच बिंच अभी नहीं. नजर लगती है. तिसरा लागू दे, मग मीच घेऊन येईन."

"खून कम दिखत हे, दाई."

"खून पोटातल्यानं घेतलं," कांताबाई म्हणाली. हे म्हणताना तिचा चेहरा उजळला होता.

गोळ्या थांबल्या तशा उलट्याही थांबल्या. कांताबाई म्हणाली, बसलं पोर पोटात. त्या दिवसापासून घागर तिनं उचलली. निंदायला ती एकटीच गेली. संध्याकाळी हातपाय धुऊन आली की खोबरेल तेलाची वाटी घेऊन ओसरीवर बसायची. "ये इकडं."

रुचिता तिच्या गुडघ्यांमध्ये पाठ करून बसे. कांताबाईची बोटं खरबरीत, चिखलानं चिरलेली, पण केसांत शिरली की मऊ होत. ती बोलत राही. नरहरीच्या गँगमध्ये कोण कोण होतं, तुमसरला नदीला पूर आला तेव्हाची गोष्ट, ऐकलेल्या कीर्तनांतले दाखले. रुचिताची माय ती लहान असताना गेली होती. डोक्यात असा हात कोणी फिरवला होता का, हे ती आठवून पाहायची. नव्हता फिरवला.

एका बाजाराच्या दिवशी कांताबाई गोल बाजारातून परत आली तर पदराच्या गाठीत भाजक्या मातीच्या वड्या होत्या. डोहाळ्यांसाठी विकायला ठेवतात तशा, काळपट, धुराच्या वासाच्या.

"घे. भिंत नको पाडू माही."

सुशील रात्रपाळी करून आला होता, खाटेवर पाय सोडून बसला होता. भट्टीच्या धगीनं त्याचे डोळे लाल. "आई, एक बार डॉक्टर को दिखा लेते ना. कितनी पीली पड़ गई है."

"पोट्ट्या, तुले काय समजते त्यातलं? तू पोटात होता तं मी हळदीसारखी झाली होती."

त्यानं आई आत जायची वाट पाहिली. मग बायकोला हळूच म्हणाला, "सच में है ना?"

"आत्याबाई म्हणतात," रुचिता म्हणाली. तिच्या दातांखाली माती करकरत होती.

गोकुळाष्टमीला कांताबाईनं घरी कीर्तन ठरवलं. भंडाऱ्याकडचे शालिग्रामबुवा मंदिरात उतरले होते. कांताबाईनं पाय धरले, बुवांनी होकार दिला. अष्टमीला कृष्णजन्माच्या वेळी पाळण्याची दोरी ओढायचा मान रुचिताचा. पाऱ्यातल्या मराठी बायकांना सांगून झालं. आता कांताबाई लपवतही नव्हती.

आदल्या दिवशी सकाळी रुचिता नहराच्या काठाला गेली. बसली तेव्हा लुगड्याला डाग दिसला. अगदी थोडा, फिका, पाणी मिसळल्यासारखा. ती तशीच बसून राहिली. पलीकडं बगळा एका पायावर उभा होता. मग तिनं डाग पाण्यात चोळला, चोळत राहिली, डाग केव्हाच गेला होता तरी. कापडाची घडी आतून बांधली आणि घरी आली.

सांगायचं होतं. दारात कांताबाई झेंडूची माळ ओवत होती. म्हणाली, "आली का? बस, दमली असशील. तेल लावून देऊ का आत्ताच? उद्या मले उसंत नाही भेटणार."

रुचिता बसली. बोटं केसांत शिरली. आज नको, तिच्या मनात आलं. आजचा दिवस राहू दे.

अष्टमीला ओसरीवर सतरंजी, मध्ये बुवा, मागं दोन झांजवाले, पेटीवर मंदिरातला एक पोरगा. अंगणात बाया, दाराशी छत्तीसगढी शेजारीही उभे. शालिग्रामबुवा साठीच्या पुढचे, काडीसारखे, पण आवाज असा की मधल्या ओळीत बसलेल्याला वाटावं हे मलाच सांगून राहिले. त्यांनी देवकीचं आख्यान लावलं.

"लोक म्हणतात यशोदेचा कृष्ण. मी म्हणतो, हव, यशोदेचाच! दही तिनं दिलं, दोरीनं बांधलं तिनं, मार तिनं दिला. पण बाया हो, तिकडं कोठडीत एक बाई बसली होती. तिच्या छातीले दूध फुटलं होतं आणि मांडीवर पोर नव्हतं. तिनं काय करावं?" झांज थांबली. मग ते अगदी हलके, स्वतःचं पद म्हणायला लागले:

"वाट पाहता पाहता । मीच झाले वाट ।
येशील त्या पायांची । मला ओळख दाट ॥"

बायांनी पदर डोळ्याला लावले. कांताबाई तर उघड रडत होती, हसतही होती. रुचिता भिंतीशी बसली होती. तिच्या अंगात गार काहीतरी पाठीच्या मणक्यातून वर चढत होतं. पदातलं एकेक अक्षर तिच्यावर येऊन आदळत होतं.

जन्माची वेळ झाली. फुलं उधळली. "ये बाई," बुवांनी बोलावलं. कांताबाईनं तिला दंडाला धरून पाळण्यापाशी आणलं आणि दोरी तिच्या हाताशी केली. पाळण्यात पितळेचा बाळकृष्ण, पाळण्याला चारी बाजूंनी घुंगरं.

रुचितानं हात मागं घेतला.

"घे ना! लाजते काय?" बाया हसल्या.

विटाळाच्या हातानं देवाची दोरी. आणि मनात ती तेलाची वाटी. तिनं सासूकडं पाहिलं. तो चेहरा तिच्यानं मोडवेना. तिनं दोरी धरली.

हुडहुडी त्याच वेळी फुटली. आधी हात हलला, मग खांदे, मग दात. पाळण्याची घुंगरं खणखण खणखण वाजू लागली, कुठल्याच तालात नाही. बायांना वाटलं अंगात आलं. कोणी हात जोडले. बुवांनी मात्र गाणं टाकलं, पुढं होऊन तिच्या मुठीतली दोरी सोडवली आणि तिच्या कपाळाला हात लावला.

"अरे, पोरीले ताप आहे! गाडी पाहा कोणी!"

सरकारी इस्पितळात तिला आडवं केलं, रक्त काढलं, शी तपासायला मागितली, लघवीही. सुशील रिपोर्टांच्या मागं धावत राहिला. डॉक्टरीण तरुण होती, कुठल्या तरी लांबच्या गावची. दोन दिवसांनी तिनं कांताबाईला खाटेपाशी उभं केलं.

"माताजी, पेट में बच्चा नहीं है. कीड़े हैं."

कांताबाईनं ऐकलं नाही की समजलं नाही, ती तशीच पाहत राहिली.

"आँत में चिपक के खून पीते हैं. बहुत दिन से पी रहे हैं. इसीलिए माहवारी रुक गई, इसीलिए मिट्टी खाने का मन. उल्टी मलेरिया की गोली से हुई होगी, खाली पेट खाई ना? गोली ने बुखार उतारा, पर खून कहाँ से बढ़ता, पीने वाले तो अंदर बैठे थे. और पूरी खाई नहीं, तो मलेरिया भी लौट आया." मग तिनं चादर वर करून रुचिताचे तळवे पाहिले. भेगा, बेचकीत जुने डाग. "चप्पल नहीं पहनती? पैर से ही घुसते हैं ये."

कांताबाईनं तळव्यांकडं पाहिलं. वर्षभरात तिनं ते पाय असे पाहिले नव्हते.

सुशीलनं रक्त दिलं. बाटली लटकली, थेंब थेंब उतरू लागलं. तो बाहेर चहा प्यायला गेला तेव्हा कांताबाई स्टुलावर बसली.

"तुले माहीत होतं?"

"आदल्या दिवशी दिसलं."

"आणि दोरी धरली तू. देवाची." आवाज चढला, पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली. "पाऱ्यासमोर माही काय राहिली? काहून नाही सांगितलं?"

 सुई टोचलेला हात रुचितानं हलू दिला नाही.

"तुम्ही तेल लावून देत होत्या," ती म्हणाली.

कांताबाई उठून खिडकीशी गेली आणि तिथंच उभी राहिली. 

शालिग्रामबुवा निघायचे होते. कांताबाई मंदिरात गेली तेव्हा ते विटेच्या लाल भुकटीनं झांजा पुसत बसले होते. तिनं सगळं सांगितलं, नेमासकट, डागासकट. शेवटी म्हणाली, "बुवा, दोष कसा काढू? दोरीले विटाळ लागला. आणि आता चप्पल घालू दिली तं नेम मोडते."

बुवा झांज पुसत राहिले. "देव जन्मला तेव्हा देवकी सोवळ्यात होती काय, बाई?"

कांताबाईनं पदर सावरला.

"आणि नेम कोणाचा?"

"माहा."

"चालली कोण?"

तिनं मान खाली घातली.

"तुमचा नेम दुसऱ्याच्या पायानं कसा चालते? मी इतकी वर्षं अनवाणी उभा राहून गातो, लोक पाया पडतात. पण माह्या पायाखाली सतरंजी असते. तुमच्या सुनेच्या पायाखाली काय होतं?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "देवाले तुम्ही मागितलं, त्यात चूक नाही. मागत राहा. पण तिले चपला घ्या."

गोल बाजारात तिनं चपला घेतल्या. माप माहीत नव्हतं. दुकानदारानं विचारलं, कितने नंबर की? तेव्हा तिनं वीत टेकवून दाखवली. इस्पितळात चादर वर केली होती तेव्हा त्या तळव्यांवरून नजर हलली नव्हती, त्या अंदाजानं.

घरी आणल्यावर तिनं त्या रुचिताच्या खाटेखाली ठेवल्या. "घालजो," एवढंच म्हणाली. संडासातल्या गोवऱ्या काढून तिनं बाहेर रचल्या. जंतांची गोळी, रक्तवाढीच्या गोळ्या, मलेरियाच्या त्याच बारीक गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. रोज ती आधी ताट समोर ठेवी, रुचितानं जेवण संपवेपर्यंत समोर बसे, मग गोळी तळहातावर ठेवी. बोलणं तेवढंच. तेलाची वाटी ओसरीच्या कोनाड्यात पडून राहिली, तिच्यावर धूळ बसली. बाया विचारत, तेव्हा कांताबाई म्हणे, "नव्हतं. ताप होता." आणि विळा उचलून बांधीकडं निघून जाई. रुचिता आतून ऐके.

भादवा गेला, दसरा गेला. रुचिताच्या नखांना रंग आला. घागर उचलून ती न थांबता येऊ लागली. पाळी आली, भरपूर, लालभडक. ती एका बाजूला बसली आणि तिला रडू आलं, का ते तिलाच कळेना.

दिवाळीपूर्वी घर पोतायला काढलं. इकडची पांढरी छुही माती बादलीत भिजवली होती. चपला दाराशी काढून रुचिता पाटावर उभी राहिली आणि कपड्याचा बोळा बुडवून भिंतीवर हात फिरवू लागली. न्हाणीच्या भिंतीशी आली. तिथं पोपड्याची जुनी जागा अजून खोलगट होती. ओली माती चढली आणि वास उठला. तोच वास.

ती थांबली. वाट पाहिली. तोंडाला पाणी सुटेल, पोटातून काहीतरी हात वर करेल, म्हणून थांबून राहिली. काहीच झालं नाही. तिनं बोटावर थोडी माती घेतली, इकडंतिकडं पाहिलं, जिभेवर ठेवली. खरखरीत, गार, बेचव. तिनं थुंकून टाकली. मग पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली. पुन्हा मातीच.

बोळा हातातून पडला. भिंतीला कपाळ टेकून ती रडू लागली, आवाज न करता, खांदे हलवत. ओली छुही कपाळाला लागली.

कांताबाई धानाचा भारा घेऊन आत येत होती. ती दारातच थांबली.

"काय झालं? चक्कर आली?"

रुचितानं मान हलवली. "काही नाही लागत, आत्याबाई. माती लागते नुसती."

कांताबाईनं तिच्या ओठांकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. सून कशाला रडते ते तिला समजलं. भारा भिंतीशी लावला. ओसरीवर गेली, कोनाड्यातली वाटी काढली, पदरानं धूळ पुसली, बाटलीतून तेल ओतलं.

"बस इकडं," ती म्हणाली.

"पोतायचं राहिलं आहे."

"राहू दे भिंत. बस."

रुचिता तिच्या गुडघ्यांमध्ये पाठ करून बसली. कांताबाईच्या बोटांना धानाचं कुसळ टोचलेलं होतं. ती केसांत शिरली आणि हळूहळू मऊ झाली. थोड्या वेळानं कांताबाई गुणगुणू लागली, सूर सोडून, बुवांचंच पद. पहिल्या ओळीपुढं तिला ते आठवत नव्हतं. म्हणून ती तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा रुचितानं पुढची ओळ लावून दिली.